ऑइल पिणारी गाडी

आमची गाडी ऑइल प्यायला लागली हे पहिल्यांदा माझ्या बायकोला कळलं, मला नाही. मला कळणार कसं? नंदुरबारात मिरची वाहणाऱ्या माणसाचं नाक नुसतं चष्मा टेकवायला असतं.

गावाबाहेर मिरची वाळवायची मोठमोठी मैदानं आहेत. त्यांना आम्ही पथारी म्हणतो. हंगामात तिथली जमीन लाल, हवा लाल, माणसांच्या पापण्यासुद्धा लाल. बायामाणसं नाकातोंडाला ओला रुमाल बांधून दिवसभर राबतात, आणि नवखा माणूस रस्त्यावरूनच शिंकत सुटतो. मी त्या हवेत लहानाचा मोठा झालो. आता मला फोडणी करपलेली कळत नाही, दारातलं गटार तुंबलेलं कळत नाही. बायको म्हणते, संसाराला तुमचा हा एक गुण तेवढा कामी आला.

तर एकदा सुरतेहून खेप करून आलो, आणि तिनं शर्ट धुवायला घेता घेता तो नाकाशी धरला.

"तुमना कपडासले जयेल ऑइलना वास येस," ती म्हणाली.

ट्रकवाल्याच्या कपड्यांना जळक्या ऑइलचा नाही तर काय अत्तराचा वास येईल का, असं काहीतरी मी फटकारलं. माझा स्वभावच तसा, तापलेल्या तेलाचा; थेंब पडायचा अवकाश. पण सकाळी बॉनेट उघडून मोजायची पट्टी काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. भरलं. पुढच्या खेपेला परत तेच. गाडी उभी असायची तिथं मातीवर काळे डाग पडायला लागले आणि सायलेन्सरमधून निळसर धूर. म्हणजे गळतही होती आणि जाळतही होती. माणसाला एकाच वेळी जुलाब आणि ताप आला की घरचे घाबरतात ना, तसा मी घाबरलो. घाबरलो की मला राग येतो, त्यामुळे त्या दिवसांत घरात माझ्यापुढे कोणी फारसं यायचं नाही.

गाडी खरं तर आबांची, माझ्या वडिलांची. पुढे लांब नाक असलेली, जुन्या घडणीची. अशा गाड्या आता रस्त्यावर फार दिसत नाहीत. आबांनी ती तरुणपणी घेतली आणि गुडघे जाईपर्यंत चालवली. तिच्यावर घर उभं राहिलं, बहिणींची लग्नं झाली. माझं बालपण तिच्या केबिनमधल्या फळीवर झोपण्यात गेलं. आबांचे आता गुडघे साथ देत नाहीत आणि आठवणही अधूनमधून दगा देते. सकाळी जेवले की नाही ते विसरतात, पण चरणमाळच्या घाटात कुठल्या वळणावर गाडीच्या कमानीचा पाटा तुटला होता ते आजही बोट ठेवून सांगतील. दिवसभर लिंबाखाली खाट टाकून गाडीकडे तोंड करून बसतात. तिच्या मडगार्डवर थाप मारल्याशिवाय चहा घेत नाहीत.

त्या हंगामात त्यांना खोकला लागला होता. आमच्या घरावर पथारीचाच वारा येतो. त्यांचा एक हिरव्या चौकटीचा रुमाल होता, धुऊन धुऊन मलमलीसारखा झालेला. मिरचीच्या दिवसांत तो त्यांच्या नाकावर असायचाच. यंदा तो दिसेना.

"आबा, रुमाल कोठे शे तुमना?" मी विचारायचो.

"शे ना. शे कोठे तरी," ते म्हणायचे आणि खोकायचे.

मी बाजारातून नवा आणून दिला. त्यांनी तो उशीखाली ठेवला. "हाऊ टोचस," म्हणाले. म्हाताऱ्या माणसांशी कोण वाद घालणार? मी घातला. उपयोग झाला नाही.

इकडे गाडीचा आजार वाढत चालला. बायपासवरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, धूर पाहिला आणि हातसुद्धा न लावता सांगितलं, "बोअर गेला. इंजिन उघडावं लागेल." बोअर गेला म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी आतून झिजली, आणि ऑइल तिथून वर चढून डिझेलबरोबर जळतंय. इंजिन पूर्ण उघडायचं हे आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. इतक्या जुन्या गाडीत एवढा पैसा घालतो कोण? गॅरेजवाल्यानंच भंगारवाल्याचा नंबर दिला. भंगारवाला मोठ्या उत्साहाचा, म्हणाला, मंगळवारचा बाजार झाला की येऊन बघतो.

म्हणजे गोष्ट सरळ होती. बोअर गेला असेल तर गाडी तोडायला जाणार, आणि मी या वयात दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर. हे मी रात्रीच्या जेवणाला घरात सांगितलं. आबांनी ताटातली भाकरी बारीक बारीक कुस्करली आणि तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट फिरवून घेतली आणि गाडीकडे पाठ करून बसले. ते पाहिलं आणि मी जाऊन उगाच कुत्र्यावर ओरडलो.

मिस्त्रीचाचांना फोन केला तो बायकोनं, मला न विचारता. चाचा आबांच्या बरोबरीचे. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात त्यांची तीन पिढ्यांची मिस्त्रीगिरी. हात आता थरथरतात म्हणून काम सोडलेलं, पण फुशारकी सोडलेली नाही. आले ते बोलतच आले.

"पुरा नंदुरबारमा मन्हासारखा कान कोनाले नही," त्यांनी खाटेवर बसायच्या आधीच जाहीर केलं. मग गॅरेजवाल्याचं निदान ऐकून कपाळाला हात लावला. "डॉक्टर पहिले नाडी देखस, मंग पोट फाडस. या लोक पहिलेच पोट फाडतस! बेटा, उघडेल इंजिन पहिलासारखं नही ऱ्हात. मी ते उघडानं पाप शेवटला करस."

त्यांनी गाडी सुरू करायला लावली आणि ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून भसाभसा वाफ आली. चाचांनी त्यावर तळहात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "बोअर गयेलच दिखी ऱ्हायना." एवढा डांगोरा पिटून तेच निदान! मी उखडलो. पण चाचांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी इंजिन डिझेलनं धुवायला सांगितलं, कोरडं पुसायला सांगितलं आणि बायकोकडे तोंडाला लावायची पावडर मागितली.

"गाडीले?" ती म्हणाली.

"हां बेटी. आज तिले नवरी करानं शे."

सगळ्या इंजिनावर चाचांनी पावडर फुंकरली. कुठून ऑइल निघतं ते पांढऱ्यावर काळं उमटतं, अशी ती युक्ती. बाजूच्या चौकापर्यंत फेरी मारून आलो आणि बॉनेट उघडलं. वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेनं काळी रेघ. खालच्या चेंबरच्या पॅकिंगमधून काळी रेघ. पुढच्या सीलमधून, मागच्या सीलमधून. नवरीचं काजळ सगळ्या तोंडभर पसरलेलं.

चाचांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक जागावरतीन गळतं तं मी म्हनतू पॅकिंग खराब शे. सगळा पॅकिंग एकच दिवस मरतस का? आतमातीन कोनी तरी धकली ऱ्हायनं." त्यांनी मला विचारलं, "वास कसा येस? कच्चा का जयेल?"

"चाचा, माले वासच येत नही."

दारातून बायको म्हणाली, "सकायले कच्चा. घाटवरतीन उनात का जयेल. आन् गाडी उभी ऱ्हायनी तं दोन्ही."

चाचांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिला आत्ताच पहिल्यांदा पाहिलं. "हिले संगे ले," ते मला म्हणाले. "उद्या तोरणमाळ. भरेल गाडी पाहिजे."

चाचांचा नियम असा, की गाडीचा धूर रस्त्यावर पाहायचा, अंगणात नाही. चढावर जोर लावताना धूर काढत असेल तर दोष बोअरमध्ये. उतारावर पाय सोडून परत दाबला की भपकन निळा धूर येत असेल तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये; तो मग स्वस्तात सुटतो. तोरणमाळला एका दुकानदाराचे सिमेंट आणि पत्रे पोचवायचे होतेच. सकाळी चाचा मागच्या हौद्यात सिमेंटच्या गोणीवर उलट तोंड करून बसले, डोक्याला मफलर गुंडाळून, सायलेन्सरच्या बाजूच्या कोपऱ्यात. बायको माझ्या शेजारी केबिनमध्ये. मी स्टिअरिंगवर. चाचांनी ठरवून टाकलं होतं: डोळे ते, नाक ती आणि कान मी.

निघताना आबांनी खाट परत गाडीकडे वळवून घेतली होती.

लग्नानंतर बायको गाडीत बसून फार लांब कधी आली नव्हती. प्रकाशाचा पूल ओलांडला तशी तिची कळी खुलली. शहाद्याच्या पुढे केळी आणि पपईचे मळे लागले, आणि म्हसावदला तिचं माहेर. तिथं थांबायचं नाही असं मी आधीच बजावलं होतं. तिनं नुसतं खिडकीबाहेर पाहिलं, आणि मी गाडी थांबवली. तिच्या भावजयीनं चहा दिला आणि मागच्या हौद्यात बसलेला पाहुणा कोण म्हणून विचारलं. बायको म्हणाली, "डॉक्टर शेत. आमनी मायले तपासी ऱ्हायनात." भावजय हळहळली; माय म्हणजे गाडी, हे तिला कुठलं कळायला. मी हसलो, किती दिवसांनी कोण जाणे.

राणीपूर सोडलं की घाट चढायला लागतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चालली. मागून चाचा हौद्याच्या फळीवर काठी आपटायचे: एकदा आपटली की धूर, दोनदा आपटली की धूर नाही, असं ठरलेलं. चढावर एकदाच. मधे थोडा उतार आला, पाय सोडला, परत दाबला, एकदाच. वळणावर गाडी थांबवून नुसती सुरू ठेवली, तरी एकदाच. सगळीकडे धूर म्हणजे सगळंच गेलं, असाच त्याचा अर्थ मी लावला. शेजारी बायको डोळे मिटून, नाक किंचित वर करून बसली होती, देवळात बसावं तशी. मी पुढच्या वळणाकडे पाहत राहिलो. बोललो असतो तर वाईटच बोललो असतो.

वर पोचल्यावर दुकानदाराचा माल उतरवला आणि तळ्याकाठी गाडी लावली. थंडी चांगलीच होती. डोक्यावर मोळ्या घेऊन काही बाया चालल्या होत्या, त्या थांबून पाहायला लागल्या, कारण दृश्यच तसं होतं: उघडं बॉनेट, सुरू इंजिन, एक म्हातारा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे इंजिन हुंगत फिरणारी एक बाई.

"आठे?"

"कच्चा."

"आठे?"

"जयेल. भलता जयेल."

"ऑइलना झाकनले?"

तिनं ओकारी आल्यासारखं तोंड फिरवलं. "वक येस."

मग चाचांनी तिला इंजिनाच्या बाजूनं खाली जमिनीकडे जाणारी एक नळी दाखवली. जुन्या गाड्यांना अशी ब्रीदरची नळी असते. इंजिनाच्या पोटात जी हवा कोंडते ती तिच्यातून बाहेर पडते. ते इंजिनाचं नाक म्हणा. बायकोनं पदर सावरला, चाकाजवळ उकिडवी बसली आणि नळीच्या खालच्या टोकापर्यंत वाकली. परत हुंगलं. परत एकदा.

"चाचा," ती म्हणाली, "आठे वासच नही."

"काय?"

"काहीच वास नही."

चाचा जागच्या जागी ताठ झाले. "जठे सगळास्मा जास्त पाहिजे, तठे नही?" आणि माझ्यावर ओरडले, "अरे, बंद कर गाडी! खाले जाय! नळी देख!"

मी पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो. नळीच्या टोकाला एक गोळा होता. ऑइल, धूळ आणि मिरचीची पूड यांचा थर चढून दगडासारखा घट्ट झालेला, तांबडाकाळा. नखानं खरवडला तर खाली कापड लागलं. कापड दोरीनं बांधलेलं होतं. दोरीला गाठ होती.

ती गाठ मला माहीत होती. ताडपत्रीला मारतात ती. कितीही हिसके बसले तरी सुटत नाही आणि एका टोकाला ओढलं की आपसूक मोकळी होते. ती मला आबांनी शिकवली. मी टोक ओढलं. गाठ सुटली, गोळा हातात आला. कडेला जिथं ऑइल पोचलं नव्हतं तिथं हिरवी चौकट होती.

वरून चाचा विचारत होते, काय आहे, काय आहे. बाहेर येऊन मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओळखायला क्षणही लावला नाही.

"पथारीवर पहिलेना सगळा ड्रायवर असंच करेत," ते म्हणाले. "माल भरतस तवशी गाडीना नाकले बी ओला रुमाल. पूड आतमा नको जावाले. भरनं व्हयनं का सोडी लेवानं, मंगच गाडी चालू करानी." ते थांबले. "तुन्हा आबा सोडाले इसरना."

मग मला आठवलं. हंगामाच्या सुरुवातीला आबा हट्ट करून पथारीवर आले होते, माल भरताना बघायला. मी हमालांशी वाद घालण्यात गुंतलो होतो. बायकोला दुसरंच आठवलं. "त्या दिन त्यास्ना सदराना पाठले ऑइल व्हतं," ती हळूच म्हणाली. "मी म्हनं गाडीले टेकी बठनात व्हतीन." टेकून बसले नव्हते. ज्यांना खाटेवरून उठताना दोन माणसं लागतात ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकले होते, आणि स्वतःच्या नाकावरचा रुमाल सोडून त्यांनी तो तिच्या नाकाला बांधला होता.

चाचांनी गाडी परत सुरू करायला लावली. नळीतून आधी एक भला मोठा काळपट उच्छ्वास निघाला, मग बारीक धूर येत राहिला. भरायच्या झाकणावर त्यांनी तळहात धरला. वाफ मघासारखी धक्के देत नव्हती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आमच्या गाडीनं बिचारीनं सगळे सांधे उघडले होते.

"बोअर थोडा घासेल शे," चाचा म्हणाले, "मन्हा गुडघासारखा. पन अजून लई दिन चाली. मागनं सील तेवढं बदली टाक." आणि मग, मला वाटलं होतं तसंच, "मी पहिलेच म्हनं व्हतं, बोअर नही!" त्यांनी काय म्हटलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. कारण त्यांना बोअर गेला असं खरोखरच वाटलं होतं, आणि तरीही त्यांनी पाना उचलला नव्हता. हौद्यात बसून, थंडीत, धूर खात ते घाट चढले होते. एवढं माझ्यासाठी कोणी केलेलं मला आठवत नाही.

उतरताना चाचा केबिनमध्ये बसले आणि झोपले. बायको मधे. तिला मी म्हणालो, तुझं नाक नसतं तर गाडी गेली असती. ती म्हणाली, "आते तरी मन्ह ऐकत जा." मी हो म्हणालो. तेव्हा मनापासून म्हणालो होतो.

पण खरं सांगायचं तर शहाद्यापर्यंत येता येता माझं डोकं परत तापलं होतं. गाडी वाचली, पण एवढे दिवस जीव टांगणीला लागला तो कशापायी? गाडीला हात लावू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं! आबांना काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत आलो. तो रुमाल पुढे काचेपाशी ठेवला होता. प्रत्येक खड्ड्यात तो हलायचा, आणि माझं वाक्य अर्धवट राहायचं.

अंगणात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा उठून खाटेच्या काठावर बसले होते, इंजिनाचा आवाज ऐकत. मी खाली उतरलो, रुमाल हातात घेऊन तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तोंड उघडणार, तोच त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. त्यांनी तो घेतला, कडेची हिरवी चौकट अंगठ्यानं चाचपली, आणि लहान पोराला हरवलेलं खेळणं मिळावं तसे हसले.

"मन्हा रुमाल! सापडना का! कोठे व्हता रे?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

मागे बायको उभी होती, चाचा उभे होते. दोघं माझ्याकडे बघत होते. शहाद्यापासून जुळवत आणलेल्या बोलण्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"गाडीना नाकले व्हता, आबा," मी म्हणालो. "तिना नाकले बांधेल व्हता."

आबांनी गाडीकडे पाहिलं, मग रुमालाकडे. थोडं खोकले. ऑइलनं माखलेला तो गोळा त्यांनी घडी घालावी तसा मांडीवर ठेवला.

"मंग तिले ठसका लागना नही," ते म्हणाले. "बरं व्हयनं."